जू, जोडी आणि संयुग्म : एका शब्दाचा इतिहास



विहाराच्या वर्धापन दिनाच्या स्मरणिकेत आपण चळवळीचा इतिहास वाचतो, आणि तो वाचलाच पाहिजे. या वेळी मी एका शब्दाचा इतिहास मांडणार आहे. आपल्या घरातल्या नववीच्या मुलामुलींच्या गणितात ‘अनुबद्ध जोडी’ नावाचा प्रकार येतो. पुढे रसायनशास्त्रात हीच मुलं ‘संयुग्मी आम्ल’ आणि ‘संयुग्मी आम्लारी’ वाचतात. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना मात्र दोन्हीकडे ‘कॉन्जुगेट’ हा एकच शब्द भेटतो. भाषेच्या तासाला क्रियापद चालवतात, त्यालाही कॉन्जुगेट करणे असेच म्हणतात. मुलं पाठ करतात, मार्क मिळवतात आणि विसरतात. गणित, व्याकरण आणि रसायन या तीन वेगळ्या घरांत एकच शब्द का नांदतो, हे कोणी सांगत नाही. मी काही पदवीधर नाही. साचाखात्यात काम करता करता आणि नंतर वाचनालयात बसून जे वाचले, समजून घेतले, ते आपल्या विचारार्थ ठेवतो.

आधी नववीचे गणितच पाहू. √५ सारख्या संख्येला गणितात ‘करणी’ म्हणतात. भगताच्या करणीशी हिचा काही संबंध नाही; ती करणी आपण १९५६ सालीच सोडली. √५ + √३ ही एक संख्या घ्या. तिची जोडीदार √५ − √३. दोन्ही अवघड, दशांशात लिहायला गेलो तर कधी न संपणाऱ्या. पण दोघींचा गुणाकार करा : ५ − ३, म्हणजे सरळ २. एकटी असताना न सुटणारी गोष्ट जोडीदार भेटताच सुटली. शाळेत याला छेदाचे परिमेयीकरण म्हणतात. एवढी युक्ती ध्यानात ठेवली तरी पुढचे सगळे समजते.

जू : एकच लाकूड, दोन अर्थ

ज्यांचे बालपण गावाकडे गेले त्यांना जू समजावून सांगायला नको. दोन बैलांच्या मानेवर आडवे येणारे लाकूड म्हणजे जू. संस्कृतात आणि पालीत त्याला ‘युग’ म्हणत. प्राकृतात सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, शब्द झिजत गेला आणि मराठीत ‘जू’ उरले. योग, युक्त, युग्म, संयुक्त हे सगळे ‘युज्’ म्हणजे जोडणे या एकाच धातूचे गोतावळे. आता गंमत पाहा. रोमन लोकांच्या लॅटिन भाषेत जूला ‘युगुम’ म्हणत, ग्रीकांच्या भाषेत ‘झुगॉन’ आणि इंग्रजांच्या भाषेत ‘योक’. हे सारे शब्द सख्खे भाऊ आहेत.

हे नाते जगाच्या ध्यानात यायला वेळ लागला. विल्यम जोन्स या न्यायाधीशाने १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असा विचार मांडला. पुढे १८१६ साली फ्रान्झ बॉप या जर्मन विद्वानाने या भाषांची पद्धतशीर तुलना करणारे पुस्तक काढले. त्याने तुलनेसाठी नेमके काय निवडले? क्रियापदे कशी चालतात ते. म्हणजे कॉन्जुगेशन. तुलनात्मक भाषाशास्त्राची सुरुवातच या शब्दापासून झाली म्हणायला हरकत नाही.

लॅटिनमध्ये ‘कॉन’ म्हणजे सोबत. सोबत एका जूखाली असलेले ते ‘कॉन्जुगेट’. नवरा किंवा बायको, दोघांपैकी कोणालाही लॅटिनमध्ये ‘कॉन्युक्स’ हा एकच शब्द होता : एका जूचा जोडीदार. ग्रीक व्याकरणकारांनी एकसारखी चालणारी क्रियापदे एका गटात बांधली आणि त्या गटाला ‘सिझिजिया’, म्हणजे एकत्र जुंपणे, हे नाव दिले. लॅटिन व्याकरणात त्याचेच ‘कॉन्जुगेशन’ झाले. सूर्य, पृथ्वी आणि चंद्र एका रेषेत येतात त्या स्थितीलाही खगोलशास्त्रात हेच ग्रीक नाव आहे. म्हणजे आपली अमावास्या आणि पौर्णिमा.

पण याच युगुममधून दुसरा शब्दही निघाला. जिंकलेल्या सैन्याला अपमान म्हणून जूसारख्या आडव्या काठीखालून वाकून जायला लावण्याची रीत त्या काळी इटलीत होती. इसवी सनपूर्व ३२१ मध्ये सॅम्नाइट लोकांनी खुद्द रोमन सैन्याला कॉडाइनच्या खिंडीत कोंडले आणि असेच जूखालून जायला लावले. ‘सब’ म्हणजे खाली, ‘युगुम’ म्हणजे जू. त्यावरून इंग्रजीत ‘सबज्युगेट’, म्हणजे गुलाम करणे. आपल्या मराठीतही ‘गुलामीचे जोखड’ म्हणतातच. तेव्हा एकाच लाकडाचे हे दोन अर्थ. दोन माना बरोबरीने आल्या तर जोडी. एकाने धरून ठेवले आणि दुसऱ्याला खालून वाकवले तर गुलामी. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे दोनच पक्ष दिसतात. मग फरक ओळखायचा कसा? या लेखाचा खरा प्रश्न हाच आहे.

व्याकरणातली जोडी

मराठीत दोनच वचने : एकवचन आणि अनेकवचन. संस्कृतात तीन. बालकः म्हणजे एक मुलगा, बालकाः म्हणजे पुष्कळ मुलगे, आणि खास दोघांसाठी बालकौ. याला द्विवचन म्हणतात. जुन्या ग्रीकमध्येही ते होते. डोळे, हात, बैल अशा जोडीने येणाऱ्या गोष्टींसाठी भाषेने वेगळी खोली बांधली होती.

या द्विवचनात एक शब्द आहे, ‘पितरौ’. शब्दशः अर्थ ‘दोन वडील’, पण वापरायचे ‘आई आणि वडील’ या अर्थी. पाणिनीच्या व्याकरणात तसे सूत्रच आहे की पिता आणि माता हे शब्द एकत्र आले तर विकल्पाने एकटा पिता उरतो. त्यात आई असते, पण दिसत नाही. संस्कृतात ‘मातापितरौ’ असेही म्हणता येते, हे खरे. पण पालीत नेहमी आढळणारा शब्द ‘मातापितरो’ आहे. आई पहिली, आणि उघड दिसणारी. मराठीत आपण आईबाप, आईवडील म्हणतो, तेही याच वळणाचे.

पालीत द्विवचन नाही. ‘दोन’ आणि ‘दोघे’ या अर्थाचे ‘द्वे’ आणि ‘उभो’ एवढे दोन शब्द जुन्या खुणेसारखे उरले, बाकी सगळे अनेकवचनात मिसळले. सम्राट अशोकाचा गिरनारचा पहिला शिलालेख पाहा. राजाच्या मुदपाकखान्यात आता फक्त दोन मोर आणि एक हरिण मारले जाते आणि पुढे तेही मारले जाणार नाहीत, असे त्यात नोंदवले आहे. तिथे दोन मोरांसाठी ‘मोरा’ असे साधे अनेकवचन आहे. संस्कृतात ‘मयूरौ’ म्हणावे लागले असते. हा बदल कोणी हुकूम काढून केला नाही. शेतात, बाजारात, घरात बोलणाऱ्या माणसांच्या तोंडी तो आपोआप झाला.

भगवान बुद्धांनी या लोकांच्या बोलीला जागा दिली, ही गोष्ट मात्र ठरवून केलेली होती. विनयपिटकातल्या चुल्लवग्गात नोंद आहे. यमेळु आणि तेकुल नावाचे दोन भाऊ, जन्माने ब्राह्मण, बोलण्यात सफाई असलेले, संघात आले होते. निरनिराळ्या कुळांतले भिक्खू आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवतात, तेव्हा ते वेदाच्या छंदस भाषेत बांधावे, अशी सूचना त्यांनी केली. बुद्धांनी ती नाकारली आणि आपापल्या भाषेत शिकण्याची अनुज्ञा दिली. म्हणजे व्याकरण कमी येते म्हणून ज्ञानाचे दार बंद होणार नाही, हे त्याच वेळी ठरले.

नंतरच्या काळात ते दार बंद झाले, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, पण अस्पृश्य म्हणून ते शिकू दिले नाही आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे ते स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकले, पालीही शिकले आणि पालीचे व्याकरण व शब्दकोश यांचे काम त्यांनी स्वतः केले. महाराष्ट्र शासनाने १९९८ साली प्रसिद्ध केलेला त्यांच्या लेखन आणि भाषणांचा सोळावा खंड म्हणजे हेच काम. ज्याला व्याकरणाच्या उंबऱ्यावर अडवले त्यानेच व्याकरण लिहिले.

द्विवचन गेले तरी जोडी गेली नाही. ती समासात राहिली. शाळेत मुलं द्वंद्व समास शिकतात. आईवडील म्हणजे आई ‘आणि’ वडील, हा इतरेतर द्वंद्व. खरेखोटे म्हणजे खरे ‘किंवा’ खोटे, हा वैकल्पिक. मीठभाकर म्हणजे मीठ, भाकर आणि बरोबरचे सगळे, हा समाहार. पहिल्यात दोघे हवेत, दुसऱ्यात एकच निवडायचा. कोणती जोडी ‘आणि’ची आणि कोणती ‘किंवा’ची, हे न कळल्यामुळे माणसं किती भांडतात, याचा विचार करून पाहा.

गणितातली जोडी

गणितात ‘जुंपलेली जोडी’ हा शब्द फार जुना आहे. पर्गा गावच्या अपोलोनियसने इसवी सनपूर्व २०० च्या सुमारास लंबवर्तुळावर ग्रंथ लिहिला. लंबवर्तुळ म्हणजे दाबून लांबट झालेल्या भाकरीचा आकार. त्यावर आडव्या समांतर रेषा ओढा. प्रत्येक रेषेचा मध्यबिंदू काढा. हे सगळे मध्यबिंदू एका सरळ रेषेवर येतात, ती मधून जाणारी रेषा एक व्यास. आता या व्यासाला समांतर रेषा ओढून तेच करा, तर पहिल्या रेषांच्या दिशेचा व्यास मिळतो. पहिला दुसऱ्याचे आणि दुसरा पहिल्याचे अर्धे भाग पाडतो. या दोघांना अपोलोनियसने जुंपलेले व्यास म्हटले.

पुढचा टप्पा वर्गमुळाचा. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण संख्यांचे नियम लिहिले. ऋण म्हणजे कर्ज. सावकाराच्या चोपडीत जे माझे देणे तेच त्याचे येणे, ही जोडी आपल्या बापजाद्यांना पुस्तकाशिवाय कळलेली आहे! ऋणाला ऋणाने गुणले तर धन येते. मग वर्ग केल्यावर ऋण येईल अशी संख्या कोणती? महावीराचार्य या जैन गणितज्ञाने ८५० च्या सुमारास ‘गणितसारसंग्रहा’त स्पष्ट सांगितले की ऋण संख्या हा कशाचा वर्गच नसतो, म्हणून तिला वर्गमूळ नाही. महाराष्ट्र आणि कर्नाटकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचे राज्य होते, त्या काळातली ही गोष्ट. म्हणणे चूक नव्हते. माहीत असलेल्या संख्यांत तसे वर्गमूळ नाहीच.

सातशे वर्षांनी इटलीतल्या कार्डानो नावाच्या वैद्याने या बंद दारावर टकटक केली. १५४५ सालच्या आपल्या ग्रंथात त्याने कोडे घातले : १० चे दोन भाग करा, त्यांचा गुणाकार ४० आला पाहिजे. आपण करून पाहू. सात आणि तीन घेतले तर २१, सहा आणि चार २४, पाच आणि पाच २५. याहून वर जातच नाही. तेव्हा हे अशक्य. पण कार्डानो म्हणाला, एक भाग ५ + √−१५ आणि दुसरा ५ − √−१५ धरा. बेरीज केली तर मुळे कटतात आणि १० उरतात. गुणाकार केला तर २५ मध्ये १५ मिळतात आणि ४० येतात. दोन्ही भाग अस्तित्वात नसलेले, पण दोघांची बेरीज खरी आणि गुणाकारही खरा! नववीच्या करणीची तीच युक्ती. कार्डानोला स्वतःलाच हे पटले नाही. हिशेब बारीक आहे पण बिनउपयोगाचा, असे म्हणून त्याने तो सोडून दिला.

उपयोग दाखवला राफाएल बॉम्बेली याने. हा लोकरीच्या व्यापाऱ्याचा मुलगा. विद्यापीठात कधी गेला नाही, एका इंजिनिअरच्या हाताखाली शिकला आणि दलदलीचे पाणी काढण्याच्या कामावर होता. ते काम काही वर्षे बंद पडले त्या काळात त्याने बीजगणिताचे पुस्तक लिहायला घेतले. आपल्यापैकी ज्यांनी कामबंदीचे दिवस काढले आहेत त्यांना ही गोष्ट जवळची वाटेल. त्याने घेतलेले उदाहरण असे. एक संख्या तीनदा गुणली तर ती तिच्या पंधरापट अधिक चार एवढी होते. ती संख्या ४ आहे. चार त्रिक गुणले की ६४, आणि पंधरा चोक साठ अधिक चार ६४. पण त्या काळच्या सूत्रात घालून पाहिले तर मधेच √−१२१ उभे राहते. बॉम्बेलीने दाखवले की सूत्रातले दोन अवघड तुकडे म्हणजे २ + √−१ आणि २ − √−१ ही जोडी आहे. दोघांना जोडा, ४ आले. उत्तर अगदी साधे, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता त्या न दिसणाऱ्या जोडीवरून जातो. त्याचे पुस्तक १५७२ साली निघाले आणि त्याच साली तो वारला.

या जोडीला ‘कॉन्जुगेट’ हे नाव फ्रान्सच्या कोशी या गणितज्ञाने १८२१ सालच्या ग्रंथात वापरले. पण त्याआधीच कास्पर वेसेल या नॉर्वेत जन्मलेल्या जमीन मोजणाऱ्या माणसाने १७९७ साली तिचे चित्र काढून दिले होते. साध्या संख्या आडव्या रेषेवर ठेवा, √−१ वर ठेवा, −√−१ तेवढ्याच अंतरावर खाली. म्हणजे एकीचे आरशातले रूप ती दुसरी. कागद त्या आडव्या रेषेवर दुमडा, जोडीतली एक संख्या नेमकी दुसरीवर येईल. हा निबंध डॅनिश भाषेत १७९९ साली छापला गेला आणि जवळजवळ शंभर वर्षे जगाने त्याच्याकडे पाहिलेही नाही. मोजणीदाराचे गणित कोण वाचणार! १८९७ साली त्याचे फ्रेंच भाषांतर झाले तेव्हा कुठे नाव झाले.

आता या जोडीचा सर्वांत महत्त्वाचा गुण सांगतो. वरच्या संख्येला धन आणि खालच्या संख्येला ऋण असे नाव आपण दिले. सुरुवातीलाच कोणी उलट नावे दिली असती, खालच्या संख्येला धन आणि वरच्या संख्येला ऋण म्हटले असते, तर गणितातला एकही खरा नियम खोटा ठरला नसता. दोघांची सगळीकडे अदलाबदल करा, सगळे हिशेब जसेच्या तसे जुळतात. वरची संख्या वरची का? केवळ आपण तसे म्हटले म्हणून.

विज्ञानातली जोडी

रसायनशास्त्रात पूर्वी आम्ल म्हणजे काय ते त्या पदार्थात स्वतःत काय आहे यावरून सांगत. १९२३ साली कोपनहेगनचे ब्रॉन्स्टेड आणि केंब्रिजचे लॉरी यांनी एकमेकांना न विचारता एकच नवी व्याख्या मांडली. प्रोटॉन देतो तो आम्ल, प्रोटॉन घेतो तो आम्लारी. आम्लाने प्रोटॉन दिला की जे उरते ते त्याचे संयुग्मी आम्लारी. उरलेल्याने प्रोटॉन परत घेतला की पुन्हा ते आम्ल. दोघांत फरक फक्त एका प्रोटॉनचा.

या व्याख्येने पाण्याची गोष्ट उलगडली. अमोनिया समोर आला तर पाणी त्याला प्रोटॉन देते, म्हणजे तिथे पाणी आम्ल. हायड्रोक्लोरिक आम्ल समोर आले तर तेच पाणी प्रोटॉन घेते, म्हणजे तिथे पाणी आम्लारी. पाण्याची जात कोणती, असे विचारलेत तर रसायनशास्त्र म्हणेल, समोर कोण आहे ते आधी सांगा.

स्वयंपाकघरातही हे दिसते. खाण्याच्या सोड्यावर लिंबू पिळले की फसफसते. सोड्यातला बायकार्बोनेट लिंबातल्या आम्लाकडून प्रोटॉन घेतो, त्याचे कार्बोनिक आम्ल होते आणि ते मोडून वायू सुटतो. हीच कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेट यांची जोडी आपल्या रक्तात चोवीस तास काम करत असते. रक्तात आम्ल वाढले की एक जोडीदार ते टिपतो, आम्ल कमी झाले की दुसरा भरून काढतो. त्यामुळे रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्या अरुंद पट्ट्यात राहतो. एकाच जोडीदाराने हे होणार नाही. आणि हे रक्त कोणत्या वस्तीतल्या माणसाचे आहे, याने त्यात काही फरक पडत नाही.

भौतिकशास्त्रातही ‘संयुग्मी राशी’ आहेत. अतिसूक्ष्म कणाची जागा आणि त्याचा संवेग या दोन राशी एका जूखाली आहेत. हायझेनबर्गने १९२७ साली दाखवले की एक राशी जितकी नेमकी ठरवाल तितकी दुसरी अनिश्चित होते. दोन्ही अनिश्चिततांचा गुणाकार एका ठरावीक मर्यादेखाली जात नाही. जगात काहीच नक्की नाही, असा त्याचा अर्थ काही बुवालोक काढतात, तो घेऊ नये. अर्थ एवढाच की काही गोष्टी एकमेकींना धरूनच मोजाव्या लागतात.

एकमेकांना धरून असण्याची गोष्ट संयुत्तनिकायात फार सुंदर आली आहे. वाराणसीजवळ इसिपतनात सारिपुत्त महाकोट्ठिताला विज्ञान आणि नामरूप यांचे नाते समजावत होते. या ठिकाणी विज्ञान म्हणजे जाणीव. त्यांनी बोरूच्या, म्हणजे वेतासारख्या गवताच्या, दोन पेंढ्यांचे उदाहरण दिले. दोन्ही एकमेकींना टेकून उभ्या आहेत. एक काढली की दुसरी पडते. हे रसायनशास्त्र नाही, आणि बुद्धांना प्रोटॉन माहीत होता असा दावा मी करणार नाही. असले दावे करून आपण धम्माचे हसे करतो. पण विचार करण्याची रीत ओळखीची आहे, एवढे नक्की.

अदलाबदलीची कसोटी

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. बरोबरीची जोडी आणि गुलामीचे जोखड यांत फरक ओळखायचा कसा? वरच्या इतिहासातून दोन खुणा मिळतात. पहिली खूण, एकाशिवाय दुसऱ्याचे काम पुरे होत नाही. दुसरी खूण, जोडीतली जागा नात्याने ठरते, त्यामुळे नावांची अदलाबदल केली तरी नियम मोडत नाही. कापडाचे पाहा. ताण्याचे धागे भिमावरून उभे येतात, बाण्याचा धागा धोट्यातून आडवा जातो. साध्या विणीचा काठ नसलेला तुकडा पाव फेरा फिरवा, जो आडवा तो उभा झाला आणि कापड ते कापडच राहिले.

उलटून पाहण्याची ही सवय आपल्या परंपरेत आहे. धम्मपदाचा पहिला वर्ग यमकवग्ग, म्हणजे जोड्यांचा वर्ग. त्यात वीस गाथा जोडीजोडीने येतात. अभिधम्मपिटकातल्या सात ग्रंथांपैकी एकाचे नावच ‘यमक’ आहे. त्यात प्रश्न जोडीने विचारलेले आहेत, एकदा सरळ आणि एकदा उलटा. आपल्या भाषेत सांगायचे तर, सगळे गिरणी कामगार कष्टकरी आहेत काय? होय. सगळे कष्टकरी गिरणी कामगार आहेत काय? नाही. सरळ बाजू खरी म्हणून उलट बाजू खरी मानू नका, तपासा.

मज्झिमनिकायातल्या अस्सलायन सुत्तात बुद्धांनी हीच कसोटी वर्णाला लावली. अस्सलायन हा सोळा वर्षांचा हुशार ब्राह्मण तरुण. ब्राह्मणच श्रेष्ठ, असे म्हणणे मांडायला त्याला पुढे केले होते. बुद्धांनी त्याला विचारले की योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास. तिथे मालक असलेला दास होतो आणि दास असलेला मालक होतो, हे तू ऐकले आहेस काय? अस्सलायनाने ऐकले होते. बुद्धांनी गुलामीची तारीफ केली नाही. जी जागा बदलू शकते ती जन्माने चिकटलेली नसते, एवढे त्याच्याच तोंडून वदवून घेतले.

जातीव्यवस्थेला ही कसोटी लावली तर ती जोडी ठरतच नाही. पुष्कळ लोक म्हणतात, समाजाला सगळ्यांची गरज असते, सगळी अंगे एकमेकांना पूरक आहेत. पूरक असतील तर जागा बदलून दाखवा! बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले. वरवर जाताना आदर वाढतो, खाली उतरताना तुच्छता वाढते. शिडीच्या पायऱ्यांची अदलाबदल केली की शिडी उरत नाही, म्हणून शिडीवाले अदलाबदल होऊ देत नाहीत.

ही कसोटी दुसऱ्यांना लावणे सोपे आहे. ती आपल्या घरालाही लावली पाहिजे. ‘कॉन्युक्स’ हा नवरा-बायको दोघांना एकच शब्द होता, हे वर आले आहे. बाबासाहेबांनी कायदेमंत्री म्हणून हिंदू कोड बिलासाठी जिवाचे रान केले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला, त्याचे एक मोठे कारण ते बिल रखडवले हे होते. स्त्रीला वारसा, घटस्फोट आणि संपत्ती यांत बरोबरीकडे नेणारे ते बिल होते. आपण जयंतीला हे सांगतो. पण घरातला एखादा नियम घ्या आणि ‘मुलगा’च्या जागी ‘मुलगी’, ‘बायको’च्या जागी ‘नवरा’ घालून मोठ्याने वाचून पाहा. रात्री उशिरा आलेल्याला कोण जाब विचारतो? पगार कोणाच्या हाती राहतो? नोकरी करून आलेल्यांपैकी चुलीपाशी कोण उभे राहते? शिकवणीची फी एकाचीच भरता येत असेल तर कोणाची भरली जाते? नावे बदलून वाचताना वाक्य विचित्र वाटले, तर तिथे जोडी नाही, जोखड आहे, असे समजावे.

विहाराच्या कामातही हेच. बुद्धपौर्णिमेला खीर करणारे हात आणि व्यासपीठावर बसणारी नावे यांची एका वर्षी अदलाबदल करून पाहावी, अशी माझी मंडळाला नम्र सूचना आहे. काही बिघडणार नाही. बाप्यांची खीर पहिल्या वर्षी जरा करपेल, एवढेच.

शेवटी पालकांना एक विनंती. मुलं अनुबद्ध जोडी शिकत असतील तेव्हा पाच मिनिटे त्यांच्याजवळ बसा. आपल्याला गणित येत नाही म्हणून संकोच करू नका. √५ + √३ ला √५ − √३ ने गुणायला त्यांना सांगा, आणि २ आले की विचारा, जोडीदार आला नसता तर हे उत्तर आले असते काय? मग त्यांना बॉम्बेलीची गोष्ट सांगा, मोजणीदार वेसेलची सांगा आणि फारसी घ्यावी लागलेल्या आपल्या बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण लिहिले तेही सांगा. मुलं पुढचे प्रश्न स्वतःच विचारतील, आणि त्यातल्या ज्यांची उत्तरे आपल्याला येणार नाहीत ती वाचनालयात मिळतात.

जयभीम! नमो बुद्धाय!